दूरच्या युद्धाची झळ सहारच्या लोडरला का लागते?

महिन्याच्या पहिल्या तारखेला नोकरदाराच्या मोबाइलवर पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, किंवा त्या मेसेजची वाट पाहणं सुरू होतं. त्याच तारखेला तेल कंपन्या विमानाच्या इंधनाचा नवा भाव जाहीर करतात. पेपरात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकलेली असते. विमानतळावर काम करणाऱ्यांच्या घरात मात्र ती नीट वाचायला हवी, कारण त्या चार ओळींचा पगाराच्या मेसेजशी फार जवळचा संबंध आहे.

पश्चिम आशियात क्षेपणास्त्रं पडली की टीव्हीवर पेट्रोल किती महागणार याची चर्चा होते. विमान कंपन्यांच्या शेअरचं काय होणार तेही सांगतात. पण मरोळ-चकाल्याच्या खोलीतून पहाटे तीनला सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळावरच्या, शिफ्टला निघणाऱ्या आणि विमानात बॅगा चढवणाऱ्या लोडरचं काय होणार, हे कुणी सांगत नाही. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

युद्ध लागलं की तेल का भडकतं?

विमानात भरतात त्या इंधनाला एव्हिएशन टर्बाइन फ्युएल म्हणतात, बोलताना एटीएफ. आपल्या ओळखीच्या रॉकेलचाच हा अतिशय शुद्ध केलेला भाऊ. ते कच्च्या तेलापासून बनतं, आणि कच्चं तेल पिंपावर मोजतात. एका पिंपात १५९ लिटर. बातम्यांत 'ब्रेंट' असा शब्द येतो, तो उत्तर समुद्रातल्या तेलाचा भाव. जगातले बरेचसे सौदे त्याच्याकडे बघून ठरतात.

भारत गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. त्यातलं बरंचसं आखाती देशांतून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतं. इराण आणि ओमान यांच्यामधली ही चिंचोळी वाट सर्वात अरुंद ठिकाणी साधारण ३३ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे सीएसएमटीहून लोकलने ठाण्याला जाण्याइतकं अंतर. जग रोज जेवढं तेल वापरतं त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, जवळपास २ कोटी पिंपं, एवढ्याशा वाटेवरून जातो. तिथे एखाद्या बोटीवर गोळीबार झाला तरी तेल खरोखर कमी पडण्याच्या कितीतरी आधी भाव चढतो. ज्याला पुढच्या महिन्याचं तेल हवं असतं तो आजच जास्त पैसे मोजायला तयार होतो. भाव चढायला तेवढी भीती पुरते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. ७ मार्चपर्यंत ब्रेंटने पिंपामागे १३९ डॉलरचा आकडा गाठला होता. त्याहून वरचा भाव जुलै २००८ मध्ये दिसला होता, १४७ डॉलर.

इथे बरेच जण विचारतात, आपण तर रशियाकडून स्वस्तात तेल घेतलं, मग आपल्याकडे एटीएफ का महागलं? सोनाराच्या दुकानात जाऊन बघा. त्याने सोनं गेल्या दिवाळीत स्वस्तात घेतलेलं असलं तरी तो तुम्हाला आजच्याच भावाने देतो. एटीएफचंही तसंच आहे. त्याचा देशातला भाव आंतरराष्ट्रीय बाजारातल्या एटीएफच्या भावावर ठरतो. शुद्धीकरण कारखान्याने कच्चा माल कितीला घेतला यावर तो ठरत नाही. मधला नफा इतका फुगला होता की १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने परदेशी जाणाऱ्या एटीएफवर लिटरमागे ६ रुपयांचा जादा कर बसवला.

विमान कंपनी म्हणजे भाड्याची रिक्षा

मुंबईत कितीतरी रिक्षाचालक मालकाकडून रोजच्या भाड्याने रिक्षा घेतात. दिवसभराच्या कमाईतून आधी मालकाचं भाडं जातं, मग सीएनजी जातो. उरेल तो चालकाचा घरखर्च. मालक म्हणत नाही की आज धंदा झाला नाही तर भाडं देऊ नकोस. पंपवालाही उधारी ठेवत नाही. धंदा पडला की खोट चालकाच्या घरातच येते.

भारतातल्या विमान कंपन्यांची बहुतेक विमानं अशीच भाड्याची आहेत. मालक बहुधा परदेशी, आणि भाडं डॉलरमध्ये. इंजिनाची मोठी दुरुस्ती आणि सुटे भाग यांचं बिलही डॉलरमध्ये. एटीएफचा पाया आंतरराष्ट्रीय भाव असल्यामुळे तेही शेवटी डॉलरलाच बांधलेलं. प्रवासी मात्र तिकिटाचे पैसे रुपयांत देतो. तेल महागलं की देशातून जास्त डॉलर बाहेर जातात आणि रुपया घसरतो, म्हणजे एकाच युद्धाने कंपनीला दोनदा मार बसतो. जानेवारी २०२२ मध्ये डॉलर ७४-७५ रुपयांना होता, जुलैत तो ८० वर गेला.

आता इंधनाचा हिशोब. १ जानेवारी २०२२ ला दिल्लीत एटीएफ हजार लिटरला सुमारे ७६ हजार रुपये होतं. १६ जूनला ते १ लाख ४१ हजारांवर गेलं. (त्या काळात भाव महिन्यातून दोनदा बदलायचा.) १८० आसनांचं विमान दिल्लीहून मुंबईला यायला ढोबळमानाने साडेपाच हजार लिटर इंधन खातं. जानेवारीच्या भावाने त्या फेरीचं इंधन झालं सव्वाचार लाखांच्या आत. जूनच्या भावाने पावणेआठ लाख. एका फेरीमागे साडेतीन लाखांचा फरक, विमान भरलेलं असलं तरी प्रत्येक आसनामागे जवळजवळ दोन हजार रुपये. असं विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करतं.

यात कराचीही भर पडते. एटीएफ अजून जीएसटीत आलेलं नाही. त्यावर केंद्राचं अबकारी शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो, आणि दोन्ही टक्क्यांत असल्यामुळे भाव चढला की कराची रक्कमही आपोआप चढते. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. गोव्याच्या बरोबरीला यायला आपल्याला इतकी वर्षं लागली.

मग तिकीट वाढवावं की

वाढवतातच. पण त्याला हद्द आहे. मुंबईहून गोव्याला जाणारं चार जणांचं कुटुंब तिकीट दोन हजारांनी वाढलं की हिशोब मांडतं आणि कोकणकन्या गाठतं. कंपनीच्या कामासाठी फिरणारा मॅनेजर तेच बोलणं व्हिडिओ कॉलवर उरकतो. तिकीट वाढवून कमाई जितकी वाढायला हवी तितकी वाढत नाही, आणि अर्धं रिकामं विमानही जवळपास तेवढंच तेल पितं.

शेजारची कंपनी भाव वाढवत नसेल तर आपण एकट्याने वाढवायची हिंमत होत नाही. शिवाय २०२२ च्या त्या महागाईत भाडं ठरवणंही पूर्णपणे कंपन्यांच्या हातात नव्हतं. कोविडच्या वेळी, मे २०२० मध्ये, सरकारने देशांतर्गत तिकिटांना खालची आणि वरची मर्यादा घातली होती. ती मर्यादा अधूनमधून वाढवली गेली, पण पूर्ण उठली ३१ ऑगस्ट २०२२ ला. तोवर युद्धाला सहा महिने झाले होते.

कात्री कुणावर चालते?

विमानाच्या मालकाला सांगता येत नाही, या महिन्यात अर्धंच भाडं घे. तेल कंपनीकडे थकबाकी झाली तर ती इंधन देणं थांबवते. विमानतळाचं लँडिंग आणि पार्किंगचं शुल्क ठरलेलं असतं. सुरक्षेच्या तपासण्या टाळता येत नाहीत, टाळूही नयेत. राहतो तो पगार. एकूण खर्चात पगाराचा वाटा इंधनाच्या निम्माही नसतो. तरीही कात्री तिथेच चालते, कारण बाकी सगळ्यांच्या हातात करार असतो आणि तो मोडला तर ते दुसऱ्या दिवशी विमान अडवू शकतात. लोडरला विमान अडवता येत नाही. मला या सगळ्या गणितातली सर्वात अन्यायाची जागा हीच वाटते.

ही कात्री 'पगारकपात' असं नाव घेऊन क्वचितच येते, म्हणून ती ओळखायला शिकलं पाहिजे.

पायलट आणि केबिन क्रू यांच्या पगाराचा एक भाग ठरलेला असतो आणि एक भाग उडालेल्या तासांवर मिळतो. बाहेरगावी मुक्काम पडला तर त्याचा भत्ता वेगळा. तेल महागलं की कंपनी सर्वात आधी तोट्याच्या फेऱ्या बंद करते. रोस्टरवरचे, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावरचे, तास कमी होतात. समजा, एखादी हवाईसुंदरी महिन्याला ऐंशी तास उडत होती आणि आता पंचावन्न तास उडते. तिच्या नेमणुकीच्या पत्रातला एक शब्दही बदललेला नसतो, पण खात्यात येणारी रक्कम बदललेली असते. तिने घराचं कर्ज त्या ऐंशी तासांच्या भरवशावर घेतलेलं असतं.

'पायलट लाखो कमावतात, त्यांची कसली काळजी?' हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. मोठ्या कॅप्टनच्या बाबतीत तो काही अंशी खराही आहे. पण पायलट व्हायला लाखो रुपये लागतात, ते बहुतेक मध्यमवर्गीय घरांनी कर्ज काढून किंवा जमीन विकून उभे केलेले असतात, आणि त्यानंतर विशिष्ट विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा खर्च पुन्हा वेगळा. तेल भडकतं तेव्हा नवी भरती थांबते. परवाना हातात असलेला पंचविशीतला मुलगा घरी बसतो आणि कर्जाचे हप्ते चालू राहतात.

विमानांची देखभाल होते त्या हँगरमधल्या तंत्रज्ञांना झळ वेगळ्या प्रकारे लागते. त्यांना काढत नाहीत, कारण त्यांच्या कामाशिवाय विमान उडत नाही. त्यांची वेतनवाढ थांबते. कोविडमध्ये कापलेला पगार परत कधी मिळणार, असं ते २०२२ मध्ये विचारत होते तेव्हा उत्तरात इंधनाचा भाव पुढे यायचा. जुलै २०२२ मध्ये इंडिगोचे तंत्रज्ञ कमी पगाराच्या निषेधात हैदराबाद आणि दिल्लीत सामूहिक आजारपणाच्या रजेवर गेले. त्याच महिन्यात एका शनिवारी त्याच कंपनीच्या केबिन क्रूमधले इतके जण रजेवर होते की निम्म्याहून जास्त देशांतर्गत उड्डाणांना उशीर झाला. दुसऱ्या कंपनीच्या भरतीला बरेच जण गेल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

सर्वात खाली जमिनीवरचं काम येतं. बॅगा चढवणं-उतरवणं, ट्रॉल्या ओढणारा टग चालवणं, दोन फेऱ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात विमान झाडून काढणं. ही कामं बहुतांश ठिकाणी वेगळ्या कंपन्यांकडे असतात, आणि त्यांच्याखाली पुन्हा मनुष्यबळ पुरवणारे कंत्राटदार असतात. विमान कंपनी ग्राउंड हँडलिंगच्या कंपनीला सांगते, दर कमी करा. ती कंत्राटदाराला सांगते, आठऐवजी सहा माणसं द्या. मग तीच दीडशे-दोनशे जड बॅगांची रास सहा जणांच्या पाठीवर येते. कमरेचं दुखणं कुठल्याच हिशोबात लिहिलं जात नाही. कंत्राट संपतं तेव्हा ते नव्याने केलं जात नाही, त्यामुळे 'कामावरून काढलं' असं कागदावर कुठेच येत नाही.

तरीही ही नोकरी का करतात, असं कुणी विचारलं तर १६ जुलै २०२४ चा मुंबईतल्या कलिनाचा दिवस आठवावा. विमानतळावरच्या लोडरच्या आणि तत्सम सुमारे २२०० जागांसाठी थेट मुलाखती होत्या. पगार महिना वीस-पंचवीस हजारांचा. राज्यभरातून हजारो मुलं आली, त्यांत पदवीधरही होते. रेटारेटी इतकी झाली की अर्ज तेवढे घेऊन त्यांना परत पाठवावं लागलं. बाहेर एवढी रांग असताना आतला माणूस पगारवाढ कशी मागणार?

आकाशच बंद झालं तर

तेलाचा भाव हा युद्धाचा एक मार. दुसरा मार रस्ता बंद होण्याचा.

२०२२ मध्ये युरोपने रशियाला आपलं आकाश बंद केलं, उत्तर म्हणून रशियाने युरोपीय कंपन्यांना आपलं. फिनलंडच्या फिनएअरचा सगळा धंदा रशियावरून आशियात जाण्याच्या जवळच्या वाटेवर उभा होता. हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांत जाणारं विमान उत्तर ध्रुवावरून वळसा घालून तेरा तासांत जायला लागलं. कंपनीने काही पायलट आणि केबिन क्रूला तात्पुरत्या बिनपगारी रजेवर पाठवण्याची बोलणी सुरू केली. त्या माणसांचा ना रशियाशी संबंध, ना युक्रेनशी.

आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानचं आकाश बंद झालं आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला तेल भरायला थांबावं लागलं. लांब फेरीला जास्त तेल लागतं हे उघड आहे. माणसंही जास्त लागतात, हे सहसा लक्षात येत नाही. पायलटने सलग किती तास ड्यूटी करायची याला नियम आहे. फेरी लांबली की तीनाऐवजी चार पायलट द्यावे लागतात, किंवा वाटेत क्रू बदलावा लागतो. तेवढ्याच माणसांत कमी फेऱ्या होतात, कमाई घटते आणि अंगावरचा शीण मात्र वाढतो.

युद्धाच्या तोंडाशीही हीच माणसं जातात. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीयांना अम्मानहून मुंबईला आणताना एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या केल्या, एक लाख अकरा हजारांहून जास्त लोक आणले. २६ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमधून निघालेल्या २१९ भारतीयांना घेऊन पहिलं विमान बुखारेस्टहून मुंबईतच उतरलं. अशा वेळी टीव्हीवर त्यांचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. २०२२ मध्येच त्यांच्या खात्यात काय पडत होतं हे आपण पाहिलंच.

कंपन्या आधीच तेल घेऊन का ठेवत नाहीत?

टाक्या भरून ठेवणं परवडत नाही, पण भाव आधी बांधून ठेवता येतो. याला हेजिंग म्हणतात. फेब्रुवारीतच देवगडच्या बागायतदाराशी ठरवायचं की मे महिन्यात हापूसची पेटी या भावाने घेणार. मे मध्ये आंबा महागला तर आपण जिंकलो. पण पीक उदंड आलं आणि बाजारात पेटी निम्म्यावर आली, तरी आपल्याला ठरलेला भाव मोजावाच लागतो.

अमेरिकेच्या साउथवेस्टने २००० नंतरच्या दशकात असे सौदे करून महागाईत बाजी मारली. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने चढ्या भावात सौदे केले, नंतर तेल कोसळलं, आणि त्या सौद्यांत मोठा तोटा झाला. २०१७ मध्ये तिने मुख्यालयातल्या सुमारे सहाशे जणांना कमी केलं. भारतीय कंपन्या सहसा या वाटेला जात नाहीत. सौद्यासाठी आगाऊ पैसे अडकवावे लागतात, आणि ते त्यांच्याकडे नसतात.

तेल उतरलं की गेलेलं परत मिळतं का?

हा प्रश्न मला सर्वात जास्त टोचतो, कारण याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच आलेलं आहे. २०१४ च्या मध्याला ११५ डॉलरवर असलेलं ब्रेंट जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली आलं होतं. कंपन्यांनी त्या स्वस्ताईत नवी विमानं मागवली, तिकिटं स्वस्त केली. प्रवाशांचा फायदा झाला, आणि त्यामुळे हजारो नव्या नोकऱ्या आल्या हेही खरं. पण थांबलेल्या वेतनवाढी मागच्या तारखेपासून मिळाल्या नाहीत. रद्द झालेलं कंत्राट पुन्हा आलं ते नव्या माणसांसाठी, नव्या आणि कमी दराने. भाव चढतो तेव्हा त्याचा परिणाम पुढच्याच रोस्टरवर दिसतो. उतरतो तेव्हा त्याला खालपर्यंत पोचायला वर्षं लागतात, आणि मध्येच नवं युद्ध लागतं.

आणि कंपनीच बुडाली तर?

तेल एकटं कुठल्या कंपनीला बुडवत नाही. आधीच कर्जाने पोखरलेल्या कंपनीला ते शेवटचा धक्का देतं. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं आणि दोनच दिवसांत अमेरिकेची ईस्टर्न एअरलाइन्स बंद पडली. डिसेंबरमध्ये पॅन अॅम गेली. दोघींचं दुखणं जुनं होतं.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण जेट एअरवेजचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रेंट ८६ डॉलरवर आणि डॉलर ७४ रुपयांवर गेला. कंपनीवर आधीच डोंगराएवढं कर्ज होतं. पायलट, इंजिनियर आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार रखडून तुकड्या-तुकड्यांत येऊ लागले होते. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेलं शेवटचं विमान मुंबईत उतरलं आणि कंपनी थांबली. कंत्राटी धरून वीस हजारांच्या आसपास लोक बेकार झाले. अंधेरी, वसई, ठाणे, डोंबिवली इथल्या कितीतरी घरांत दोन्ही पगार त्याच कंपनीचे होते. पुढे साडेपाच वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

अशा वेळी हाती काय लागतं? दिवाळखोरीच्या कायद्यात देणी फेडण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रक्रियेचा खर्च आधी निघतो. त्यानंतर कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात, आणि बाकी कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार त्यांच्याही नंतर. कागदावर हे बरं दिसतं. पण विमानं भाड्याची असतात. ती मालक घेऊन जातो, आणि विकायला उरतात टेबलं, जुने सुटे भाग आणि थोडीफार जमीन. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचा निधी मात्र कायद्याने या वाटणीच्या बाहेर ठेवला आहे. त्यावर बँकांना हात टाकता येत नाही, पण त्यासाठी तो आधी भरलेला असावा लागतो.

म्हणून विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येकाने, आणि कंत्राटी माणसाने तर नक्कीच, तेलाचे भाव चढू लागले की तीन गोष्टी कराव्यात. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, टाकून पीएफचं पासबुक उघडायचं आणि गेल्या महिन्याचे पैसे खरोखर जमा झालेत का ते पाहायचं; पगारातून कापले म्हणजे भरले असं धरून चालायचं नाही. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि विमानतळाच्या प्रवेश-पासाची प्रत घरी ठेवायची, कारण पास परत घेतला की तिथे काम केल्याचा पुरावाही जातो. आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते, हे माहीत असू द्यायचं. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी द्यायची, एकट्याने न जाता शिफ्टमधल्या सगळ्यांनी मिळून द्यायची, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघायचं नाही.